जुनी लेझर : ९ वर्षं वापरून, विकताना लिहिलेला अभिप्राय

बोटीची जाहिरात मी मार्चमध्ये दिली. क्लबच्या फळ्यावर एक कागद लावला आणि शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांच्या दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मजकूर टाकला. 'लेझर रेडियल, २००८ चा हल, सगळ्या सामानासह. कार्बन टिलर, दोन शिडं, ट्रॉली, कव्हर. पुणे.' हल म्हणजे बोटीचं धड आणि टिलर म्हणजे सुकाणू फिरवायची दांडी. आठवड्यात अकरा फोन आले. त्यातल्या नऊ जणांनी सामानाचीच चौकशी केली. टिलर कुठल्या कंपनीचा, दोऱ्या किती जुन्या, शीड कुठल्या साली घेतलं. दहाव्यांना मुळशीकडच्या फार्महाऊसवर पाहुण्यांना फिरवायला काहीतरी हवं होतं. ही एका माणसाची बोट आहे आणि तो माणूस कायम ओला असतो, असं त्यांना सांगितलं आणि आम्ही चांगल्या मनाने फोन ठेवला. अकरावा फोन धायरीहून होता, एका सतरा वर्षांच्या मुलाचा. तो म्हणाला, "काकू, मास्ट स्टेपमध्ये पाणी भरून बघितलंय का तुम्ही? शेवटचं कधी बघितलंत?"

मास्ट स्टेप म्हणजे शिडाची काठी ज्या भोकात उभी राहते ते. मी बोट घेतली तेव्हा मला हा प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं. त्यात माझे दोन हंगाम गेले. म्हणून जुनी लेझर घेऊ किंवा विकू पाहणाऱ्यांसाठी माझ्या बोटीबद्दल जे आहे ते सगळं लिहिते आहे, दोषांसकट.

आधी थोडं बोटीविषयी. १९६९ मध्ये कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांना त्यांच्या मित्राचा फोन आला. गाडीच्या टपावर टाकून नेता येईल अशी छोटी बोट त्याला हवी होती. फोनवर बोलता बोलता कर्बींनी कागदावर जे रेखाटलं, तीच पुढे लेझर झाली. लांबी ४.२ मीटर, रुंदी १.४ मीटरच्या आत, नुसत्या हलचं वजन ५९ किलो. एकच शीड, एकच माणूस. आजवर अशा दोन लाखांहून जास्त बोटी तयार झाल्या. १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. छोट्या शिडाची रेडियल २००८ पासून महिलांसाठी आली. २०१९ मध्ये नाव बदलून आयएलसीए (ह्या बोटींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं लघुनाम) झालं आणि शिडाच्या चौरस मीटरच्या हिशेबाने ७, ६ आणि ४ असे तीन प्रकार म्हणायला लागले. रेडियल म्हणजे आताची आयएलसीए ६. आमच्याकडे पाण्यावर अजून सगळे लेझरच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

टपावर नेण्याचं म्हणाल तर ते खरं आहे. माझ्या वॅगन-आरच्या कॅरिअरवर ही बोट उलटी बांधून मी सहकारनगरहून खडकवासल्याला कितीतरी वेळा नेली आहे. दोघं उचलायला लागतात, एकटीने जमत नाही. पण दोघांत एक तगडा असेल तर पाच मिनिटांत वर. रविवारी सकाळी साडेपाचला निघायचं, कारण सातनंतर सिंहगडाला जाणाऱ्यांच्या गाड्या धायरी फाट्यापासूनच लागतात आणि लांब बोट डोक्यावर घेऊन त्या गर्दीत ब्रेक मारत जाणं मला कधी आवडलं नाही.

बोट मी २०१६ मध्ये मुंबईत घेतली. जाहिरातीत 'शर्यतीला तयार, भरपूर सामान' असं लिहिलं होतं. आणि सामान खरंच भरपूर होतं. नवीन दोऱ्या, चकचकीत कार्बन टिलर, पिशवीतून न काढलेलं शीड, पॉलिश केलेला डेक, म्हणजे बोटीचा वरचा भाग. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंट दारातून आत येताना त्याची चाल बघून मला अर्धं निदान कळतं. पण बोटीची चाल बघायचं मला सुचलं नाही. तिला पाण्यात न उतरवता मी पैसे दिले आणि टेम्पोत घालून घाट चढवून पुण्याला आणली. विकणाऱ्यांचं नाव लिहिणार नाही. त्यांना स्वतःला माहीत होतं की नव्हतं, हेही मला ठरवता आलेलं नाही.

पहिल्याच महिन्यात कळायला लागलं की बोट जड चालतेय. वारा पडला की बाकीच्या लेझर सरकत राहायच्या आणि माझी थांबायची. झुळूक आली की त्या आधी निघायच्या, माझी एक श्वास घेऊन मग. मला वाटायचं माझंच चुकतंय. शिडाचा ताण बदलून बघितला, बसायची जागा पुढे-मागे केली. काठावर आल्यावर मागचं बूच काढलं की चहाचा कप भरेल इतकं पाणी यायचं, तेवढं सगळ्यांचंच येतं असं मला कोणीतरी सांगितलं होतं. २०१८ च्या जानेवारीत तासाभराच्या शर्यतीनंतर बूच काढलं आणि दोन लिटरची बाटली भरली. त्या दिवशी क्लबमधल्या एका निवृत्त सुभेदारांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, काठी काढा आणि भोकात पाणी भरा."

लेझरच्या मास्टला एकही तार नसते. मोठ्या बोटींची काठी चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेली असते. इथे दोन तुकड्यांची अ‍ॅल्युमिनियमची काठी डेकमधल्या फूटभर खोल भोकात नुसती उभी असते. शिडावर जेवढा म्हणून वारा आदळतो, तो सगळा जोर त्या फूटभर नळीत उतरतो. नळीचा तळ हलच्या तळाशी आणि तोंड डेकशी चिकटवलेलं असतं. वर्षानुवर्षं काठी तिथे थोडी थोडी फिरते, वाळू आत गेली तर तळ घासला जातो, चिकटवलेला सांधा सैल होतो. मग पाणी आत झिरपतं. सांधा पुरता सुटला की जोराच्या वाऱ्यात काठी डेक उचकटून बाहेर येऊ शकते, आणि तसं झाल्यावर त्या बोटीत दुरुस्त करण्यासारखं फारसं उरत नाही.

तपासायची पद्धत अगदी साधी. बोट सपाट ठेवायची, भोक काठोकाठ पाण्याने भरायचं, पेन्सिलने खूण करायची आणि तासभर थांबायचं. पातळी हलली नाही पाहिजे. माझ्या बोटीत वीस मिनिटांत तीन बोटं पाणी उतरलं.

दुरुस्ती नऱ्ह्यातल्या एका फायबरवाल्याने केली. तो बागेतल्या घसरगुंड्या आणि बसचे बंपर बनवतो, बोट त्याने आधी कधी पाहिली नव्हती. पण काच-मॅट आणि रेझिन त्याला माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. डेकवर मास्टच्या बाजूला पाच इंचाचं गोल झाकण बसवण्यासाठी भोक पाडलं, म्हणजे आत हात जाईल. मग घाई करायची नाही, हे मात्र मी त्याला बजावून सांगितलं. ओल्या फायबरवर रेझिन धरत नाही. त्या झाकणातून आत साठचा दिवा सोडला, बाहेर टेबलफॅन लावला आणि बोट पंधरा दिवस सुकवली. त्यानंतर नळीच्या तळाभोवती मॅटचे चार थर दिले. मजुरी आणि सामान धरून साडेसहा हजार लागले. त्याला सात वर्षं झाली. दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला मी मास्टच्या भोकात पाणी भरून बघते आणि तारीख वहीत लिहिते. सात वर्षांत पातळी हललेली नाही. ही वही मी बोटीबरोबर देणार आहे. माझ्या मते सगळ्या सामानात तीच सगळ्यात मोलाची आहे.

वजनाचंही सांगते. लेझरचा हल फायबरचा, पण डेकच्या सपाट भागात फायबरच्या दोन थरांमध्ये फोम असतो. पाणी एकदा त्यात शिरलं की ते बूच काढून बाहेर येत नाही. म्हणून जुन्या बोटीचं वजन करणं हा दुसरा आवश्यक तपास. शर्यतीच्या बोटीवर फिटिंगसकट तीन किलोचा फरक मी समजून घेईन, सात-आठ किलोचा नाही. माझी बोट आम्ही दुरुस्तीच्या आधी मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या काट्यावर ठेवली होती. गुळाच्या ढेपा बाजूला करून त्यांनी जागा करून दिली. ६७ किलो भरली. सुकवून, दुरुस्त करून पुन्हा नेली तेव्हा ६२. त्या पाच किलोंनी बोटीचा स्वभाव बदलला, हे मी शपथेवर सांगू शकते. पुढच्या रविवारी हलक्या वाऱ्यात मी पहिल्यांदा इतरांबरोबर खुणेला वळसा घातला.

तिसरा तपास हाताचा. डेकवर, मास्टच्या आजूबाजूला, कॉकपिटच्या (पाय ठेवायच्या खोलगट जागेच्या) तळाला आणि जिथे आपण बसतो त्या कडांना अंगठ्याने दाबत जायचं. चांगला डेक टेबलासारखा लागतो. ओला, सुटलेला डेक पापडासारखा किंचित दबतो आणि आवाज देतो. माझ्या बोटीत डाव्या कडेला, कॉकपिटच्या मागच्या टोकाला, हाताच्या तळव्याएवढी जागा मऊ आहे. २०२० पासून आहे, वाढलेली नाही. मी जाहिरातीत हे लिहिलं नव्हतं, ती माझी चूक. दुसऱ्या आठवड्यात फोटोसकट लिहिलं.

चौथा तपास साबणाच्या पाण्याचा. हल आणि डेक जिथे जुळतात त्या कडेवर साबणाचं पाणी लावायचं आणि मागच्या बुचाच्या भोकातून तोंडाने हळू फुंकायचं. जिथे बुडबुडा येईल तिथे गळती. इथे कृपा करून सायकलचा किंवा टायरचा पंप वापरू नका. बंद हलमध्ये जास्त दाब गेला तर चांगला सांधाही उकलतो. उन्हाचंही तेच. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा चाळिशीवर जातो आणि बूच लावून उन्हात ठेवलेल्या बोटीतली हवा फुगते. बोट ठेवताना बूच कायम उघडं ठेवायचं, हे मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा शिकवलं होतं. आधी त्यांना वाटायचं कोणी चोरलं, म्हणून ते सापडेल तिथून आणून लावून ठेवायचे.

आता सामानाकडे येते, ज्याबद्दल नऊ जणांनी विचारलं.

कार्बन टिलर आणि त्याची लांब दांडी उत्तम आहे. मूळ अ‍ॅल्युमिनियमचा टिलर वाकायचा, हा वाकत नाही, सुकाणूचा स्पर्श थेट हातात येतो. हा खर्च मी पुन्हा करेन. दोऱ्या डायनीमाच्या (न ताणणाऱ्या मजबूत धाग्याच्या), २०२३ मध्ये बदललेल्या. चांगल्या आहेत, पण दोरी ही भाजीसारखी गोष्ट आहे, दोन हंगामांत शिळी होते. दोरीसाठी बोटीची किंमत वाढवून मागू नये आणि देऊही नये. शिडाची उंची-ताण बदलायच्या कप्प्या सुधारित किटच्या आहेत, हाताला कमी जोर लागतो. पन्नाशीनंतर ह्याचं महत्त्व मला फार कळलं. मेनशीटचा, म्हणजे शीड ओढायच्या-सोडायच्या दोरीचा, रॅचेट ब्लॉक (अडकणारी कप्पी) टकटक आवाज करत सोडतो आणि अडवतो, त्यात वाळू गेली तर गोड्या पाण्याने धुवायचा, तेल अजिबात घालायचं नाही.

शिडं दोन. एक वर्गाच्या शिक्क्याचं, म्हणजे शर्यतीत चालणारं. २०२१ मध्ये घेतलं. त्या एप्रिलमध्ये नेत्रा कुमानन ओमानमधल्या पात्रता स्पर्धेतून टोकियोला जाणार हे कळलं, ऑलिंपिकच्या सेलिंगला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला, तीही रेडियलमध्येच, माझ्या बोटीच्या प्रकारात. आनंदाच्या भरात मी नवं शीड मागवलं, बावीस हजारांचा हिशोब नंतर केला. ते शीड आता चार हंगाम चाललेलं आहे. मागच्या कडेचं कापड मऊ पडलंय, बोटांत धरून चुरगाळलं की पूर्वीचा कडकडाट येत नाही. सरावाला अजून दोन वर्षं जाईल, मुंबईच्या मोठ्या शर्यतीला नवं लागेल. दुसरं शीड नक्कल आहे, शिक्का नाही. जाड कापडाचं, स्वस्तातलं, सरावाला उत्तम, शर्यतीत बाद. जाहिरातीत 'दोन शिडं' वाचून लोकांना दोन्ही शर्यतीची वाटतात. विकणाऱ्याने हे वेगळं लिहायलाच हवं.

डॅगरबोर्ड (बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडायची फळी) आणि रडर (सुकाणू) मूळचेच. मे महिन्यात खडकवासल्याचं पाणी खाली जातं, एरवी जिथे पुरुषभर पाणी असतं तिथे गाळ आणि दगड वर येतात. दोन वेळा बोर्ड आपटला आहे. खालच्या टोकाला पुटी भरलेली दिसेल. बोर्ड सरळ आहे, मी तो काचेच्या टेबलावर ठेवून बघितला.

ट्रॉली लोखंडी, इथेच बनवून घेतलेली. बोट तळावर न टेकता कडांवर पेलली जाते, ही तिची चांगली बाजू. तळाखाली फळ्या असलेल्या ट्रॉलीवर बोट महिनोन्महिने ठेवली तर तळाला खळगे पडतात आणि ते खळगे नंतर प्रत्येक शर्यतीत आपल्याबरोबर येतात. चाकं मात्र साधी, हातगाडीची. दर वर्षी बेअरिंगला ग्रीस.

चालवायला बोट कशी आहे? मला ह्या बोटीने जे दिलं ते मी दुसऱ्या कुठल्या वस्तूबद्दल लिहू शकत नाही. मुलगी शाळेत असताना तिला सेलिंगच्या वर्गाला सोडायला जायचे, त्रेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः शिकले. मुलगी पुढे शिक्षणाला बाहेर गेली, मी राहिले. खडकवासला हा मुठेवरचा दीडशे वर्षांच्या घरातला तलाव, इंग्रजांच्या काळात त्याला लेक फाईफ म्हणायचे. लांब, अरुंद, वळणावळणाचा. एका बाजूला एनडीएचं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं) जंगल, दुसऱ्या बाजूला सिंहगडाची रांग. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा येतो तो डोंगरांत अडत, वळत, तुकड्या-तुकड्यांनी येतो. पाण्यावर गडद सावली पळत येताना दिसते, ती पोचायच्या आत अंग बाहेर टाकून, पाय पट्ट्यात अडकवून तयार राहायचं. लेझर हे सगळं लगेच सांगते. चूक झाली की लगेच, बरोबर केलं की लगेच. हातात एक दोरी आणि एक दांडी, मध्ये कोणी नाही. पेशंट्सच्या पंचवीस वर्षांच्या खांदे-मान-कंबरेनंतर मला डोकं रिकामं करणारी अशी दुसरी जागा मिळाली नाही.

उलटते. नक्की उलटते. विशेषतः वारा पाठीवर घेऊन जाताना ती डुलायला लागते, डुलणं वाढत जातं आणि एकदम आपल्या अंगावर पडते. पण उलटली तर बाहेर आलेल्या डॅगरबोर्डवर उभं राहायचं, कड धरून मागे झुकायचं, की उभी राहते. कॉकपिटमधलं पाणी तळाच्या बेलरमधून (पाणी बाहेर सोडणाऱ्या भोकातून) चालता चालता निघून जातं. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली असते, डोकं सांभाळावं. कपडे कोरडे राहणार नाहीत. घरच्यांना बरोबर नेता येणार नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी दोघांची बोट बघावी. ती वेगळी मजा आहे.

खाऱ्या पाण्याबद्दल एवढंच सांगते, की अ‍ॅल्युमिनियमच्या काठीत स्टीलचे रिबेट (जोडखिळे) असतात, आणि दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं. मुंबईच्या शर्यतींना मी पाच वेळा गेले. प्रत्येक वेळी परत आल्यावर त्याच संध्याकाळी, कितीही दमले असले तरी, पार्किंगमध्ये नळी लावून काठी, कप्प्या, सगळं धुतलं. मुंबईची जुनी बोट घेताना रिबेटभोवती पांढरी पूड दिसली तर थांबा.

विकण्याचं कारण सगळे विचारतात, आणि विचारावंच. पट्ट्यात पाय अडकवून बाहेर लटकताना मांडीचे पुढचे स्नायू न हलता मिनिटांमागून मिनिटं ताणलेले राहतात आणि तो दाब गुडघ्याच्या वाटीमागे जातो. माझ्या उजव्या वाटीमागचं कूर्चा झिजलं आहे. दुसऱ्या कोणाचा एमआरआय असता तर मी जे सांगितलं असतं, तेच दोन वर्षं स्वतःला सांगायला धजले नाही. आता सांगितलं. बोटीत दोष नाही म्हणून विकतेय असंही नाही आणि दोष लपवून विकतेय असंही नाही.

मधल्या काळात जुन्या बोटींची खरेदी-विक्री करून देणारे एक गृहस्थ भेटले. दहा टक्के कमिशन. बोट बघून म्हणाले, "डेक घासून पांढरा रंग मारून देतो, पंचवीस हजार जास्त येतील." मी नाही म्हटलं. रंगाखाली जुनी दुरुस्ती दिसेनाशी होते आणि पुढच्या घेणाऱ्याला मऊ जागा, भेगा शोधता येत नाहीत. माझ्याबरोबर २०१६ मध्ये जे झालं तेच मी कोणासाठी तरी तयार करून दिलं असतं. शिवाय रंगाने वजन वाढतं. ज्यांना जुनी बोट घ्यायची आहे त्यांनी ताज्या रंगाची शर्यतीची बोट बघितली की विचारावं, खाली काय होतं.

किंमत मी १,८०,००० सांगितली होती. हिशेब असा धरला होता : कोरडा, कडक, नोंदी असलेला हल आणि डॅगरबोर्ड-रडर-काठी ह्यांना सव्वा लाख, टिलर आणि कप्प्यांना तीस हजार, ट्रॉली आणि कव्हरला पंधरा, दोन्ही शिडांना मिळून दहा, दोऱ्यांना शून्य. 

धायरीचा मुलगा वडिलांबरोबर मागच्या रविवारी आला. वडील बँकेत आहेत, बोटीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं सरळ म्हणाले. "ताई, हा जे म्हणेल ते. मी फक्त चेक लिहिणार." मुलगा आयएलसीए ४ वर शिकला आहे, आता वजन साठच्या वर गेल्याने त्याला ६ हवी होती. हल तोच, मास्टचा वरचा तुकडाही तोच, खालचा तुकडा आणि शीड बदललं की पुढे ७ सुद्धा करता येईल, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

त्याने पार्किंगमध्येच भोक पाण्याने भरलं. पेन्सिलची खूण केली, मोबाईलवर साठ मिनिटांचा टायमर लावला. मी वही दिली तर म्हणाला, "वाचतो काकू, पण आधी बघतो." मला ते आवडलं. तासभर त्याने बोट इंच-इंच दाबून बघितली. मऊ जागा त्याला फोटो न बघता सापडली. वडिलांना आणि मला चहा झाला. मग तो मास्टच्या वरच्या तुकड्यापाशी गेला, खालच्या टोकाला जिथे प्लॅस्टिकची कॉलर रिबेटने बसवलेली असते तिथे मोबाईलचा टॉर्च धरून बराच वेळ बसला.

"इथे केसासारखी भेग आहे."

मी चष्मा लावून बघितलं. होती. रिबेटच्या भोकापासून जेमतेम चार मिलिमीटर. काठी तिथेच सगळ्यात जास्त वाकते, आणि त्या भोकापासूनच मोडते. मी दर वर्षी भोकात पाणी भरत होते आणि इथे बघतच नव्हते. जोराच्या वाऱ्यात ती कधीतरी मोडली असती, त्याच्याही हातात किंवा माझ्याही.

काही जण हा तुकडा उलटा फिरवून, कॉलर दुसऱ्या टोकाला बसवून वापरतात. भेग गेलेल्या टोकावर मात्र मी तो कोणाला वापरायला देणार नाही. मी किंमत वीस हजारांनी कमी केली आणि तो तुकडा बोटीबरोबर देत नाही असं सांगितलं. वडील म्हणाले, "एवढी कशाला कमी करता, ताई?" नवा तुकडा मागवायला साधारण तेवढाच खर्च येईल, त्यात वाढवून-चढवून काही नाही, असं मी त्यांना सांगितलं. टायमर वाजला. पेन्सिलची खूण आणि पाणी एकाच रेषेत होतं.

१,६०,०००. चेक दिला, वही दिली, नऱ्ह्याच्या फायबरवाल्याकडे कसं जायचं ते समजावलं. शनिवारी ते टेम्पो घेऊन आले. खाली दोन जुने टायर, त्यावर बोट उलटी, कडांना गाद्या. दुपारचे बारा वाजले होते आणि ऊन चढलं होतं. बूच काढून ठेव, असं सांगायला मी टेम्पोच्या मागे गेले, तर ते त्याने आधीच काढून दोरीने रडरच्या खिट्टीला बांधलं होतं.